आधी काय झालं असेल?

रविवारी सकाळचा खेळ सुटला, की दुपारच्या खेळाची घंटा होईपर्यंत सगळ्यांनी एका टेबलाशी बसायचं, हा नियम आप्पांचा. थिएटर त्यांनीच बांधलं, मागचं राहतं घरही त्यांनीच, आणि दोन्हींच्या मधे भिंत एकच ठेवली. तेवढ्या विटा वाचल्या म्हणून ते शेवटपर्यंत खूश होते. भिंतीच्या पलीकडे पडदा. त्यामुळे सिनेमात मारामारी सुरू झाली की घरातल्या मांडणीवरचे पेले थरथरायचे, आणि नायिका रडायला लागली की नळाची धार आपोआप लहान केली जायची.

आप्पा गेले त्यालाही आता जमाना झाला. रिळांचे डबे गेले, सिनेमाच्या मशीनच्या खोलीतला, दिव्यात पेटणाऱ्या कार्बनच्या कांड्यांचा जळका वास गेला, पाट्या रंगवणारा पेंटर लेकीकडे राहायला गेला तो परत आलाच नाही. रविवारचं जेवण तेवढं राहिलं.

त्या रविवारी मात्र कुणाचं ताटात लक्ष नव्हतं. टेबलाच्या टोकाला भिंगरी बसली होती आणि तिच्या हातात छापील दोन कागद होते.

भिंगरी ही आप्पांच्या मुलाची, अण्णांची, धाकटी लेक. लहानपणी थिएटरच्या लॉबीतल्या खांबांभोवती गरगर फिरायची, म्हणून अक्कानंच ते नाव ठेवलं होतं. अक्का म्हणजे भावांची अक्का आणि भाचरांची आत्या. केस काळे होते तेव्हापासून ती तिकिटाच्या खिडकीत बसत आली होती. भिंगरी तिच्या पायाशी, सोड्याच्या बाटल्यांचा खोका उपडा घालून, त्यावर बसून वाढली. शाईच्या पॅडवर शिक्का आपटायला मिळावा एवढीच तेव्हा तिची महत्त्वाकांक्षा होती. आणि आता तीच पोर वर्तमानपत्रात सिनेमावर लिहिणार होती.

वर्तमानपत्रातले जुने समीक्षक दुखण्याला कंटाळून घरी बसले होते. पुरवणीच्या संपादकबाईंनी भिंगरीला सांगितलं होतं, एक लेख दे. जमला तर दर आठवड्याची जागा तुझी. लेख काल पोचला होता, बाईंना आवडला होता, पान आज संध्याकाळी बंद होणार होतं. काही बदलायचं असेल तर तोवर कळव, एवढंच त्यांनी म्हटलं होतं.

"वाच की," अण्णा म्हणाले.

"आधी जेवू दे तिला," माई म्हणाली. माई म्हणजे अण्णांची बायको, भिंगरीची आई. मध्यंतरातला चहाचा काउंटर ती सांभाळायची आणि घरातही तिचा आवाज काउंटरवरचाच असे.

"जेवण कुठे पळून जातंय? वाच गं तू."

भिंगरीनं घसा साफ केला. सिनेमा त्यांच्याच थिएटरला या आठवड्यात लागलेला होता. एका बाईच्या अंगणाचं फाटक, ती ते दिवसरात्र उघडं ठेवते, एवढीशी गोष्ट. गर्दी यथातथाच होती.

"'सिनेमाच्या मध्यावर एक दृश्य आहे,'" ती वाचू लागली. "'वाऱ्यानं फाटक आपटत राहतं. नवरा उठतो, कडी घालतो, परत येऊन झोपतो. मग बाई उठते आणि कडी काढते. दोघांत शब्दही होत नाही. ती कडी चोरून काढत नाही, रागानंही काढत नाही. धुतलेलं भांडं जागच्या जागी ठेवावं, तशी काढते. हे याआधी किती रात्री झालं असेल, ते त्या हाताकडे बघूनच कळतं.'"

अक्कानं घास तसाच धरून ठेवला. तो हात तिनंही पाहिला होता. पण तो असा दिसला नव्हता.

भिंगरी वाचत गेली. शेजारणीच्या तोंडाळपणाबद्दल, नवऱ्याच्या पाठीबद्दल, सिनेमात एकदाही न वाजणाऱ्या गाण्याबद्दल. आणि शेवटी आवाज जरा खाली घेऊन वाचलं, "'फाटक उघडं का, हे दिग्दर्शक शेवटपर्यंत सांगत नाही. कारण कळलं असतं, तर आपण त्या कारणाची कीव करून मोकळे झालो असतो आणि बाईला विसरलो असतो. न सांगण्याचं हे धाडस हेच या सिनेमाचं मोठेपण.'"

अण्णांनी टेबलावर थाप मारली. पाण्याचा पेला आडवा झाला, पण त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

"स्वच्छ," काका म्हणाले. काका म्हणजे सगळ्यांत धाकटा भाऊ, मशीनच्या खोलीत जन्म काढलेला, लग्नाची भानगड न केलेला. त्यांच्याकडे कौतुकाला हा एकच शब्द होता. कधी हवेबद्दल, कधी कपड्यांबद्दल, कधी माणसांबद्दलही ते तो वापरायचे.

माईनं हाताच्या पाठीनं डोळे पुसले. "माझी मेलीची कुणाला इतकं सुचलं नाही कधी," ती म्हणाली, आणि अर्थ कुणाला नीट लागला नाही तरी सगळ्यांनी मान हलवली.

"पण सांगतो की," नवी सून म्हणाली.

नवी सून म्हणजे थोरल्याची, भिंगरीच्या भावाची, बायको. घरात येऊन तिला अजून फार दिवस झाले नव्हते. चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासायची. बोलायची कमी आणि जे बोलायची ते थेट.

"काय सांगतो?" अण्णांनी विचारलं.

"कारण. फाटकाचं. दाखवलंय ना ते सगळं सुरुवातीला..."

थोरल्यानं टेबलाखालून तिला पाय मारला. तो माईला लागला.

"मला काय मारतोस?" माई म्हणाली. मग सुनेकडे वळली. "हे बघ, आमच्याकडे जन्मापासून सिनेमे बघतात हो. माणसं पाळण्यात असल्यापासून. तुझ्या काही लक्षात आलं नसेल नीट."

"चुकलं असेल माझंच," सून म्हणाली आणि खाली बघून भात कालवू लागली. तिचे कान लाल झाले होते.

भिंगरीनं कागद खाली ठेवले. "वहिनी, सुरुवातीला म्हणजे कुठे?"

"म्हणजे, सुरुवातीला. नावं पडून झाल्यावर लगेच. परवा मी बसले होते ना, हे दारावर होते तेव्हा."

अक्कानं घास ताटात परत ठेवला. "नावं पडल्यावर लगेच," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे माझी खिडकी उघडी असताना."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मांडणीवरचे पेलेसुद्धा गप्प होते, कारण पलीकडे पडदा रिकामा होता.

सुनेला काय झालं ते कळेना, आणि तिला कळेना यात नवल नव्हतं. ही घरची रीत इतकी जुनी होती, की ती रीत आहे हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. खेळ सुरू झाला तरी खिडकी अर्धा तास उघडी ठेवायची, हा आप्पांचा दुसरा नियम. कामाच्या पाळ्या सुटून, छापखान्यातून, दुकानं बंद करून माणसं धापा टाकत यायची. आप्पा म्हणत, उशिरा येणारा धावत आलेला असतो, त्याला बंद दार दाखवू नये. तो अर्धा तास अक्का खिडकीत, अण्णा बॅटरी घेऊन दारात, माई मध्यंतराच्या कपबशा मांडण्यात. मग अक्का खिडकीची फळी खाली ओढायची, खट् असा आवाज व्हायचा, आणि त्या आवाजावर सगळं घर अंधारात शिरून मागच्या रांगेत बसायचं. त्यांच्या लेखी सिनेमा तिथे सुरू व्हायचा. बाहेरगावची पाहुणी माणसंसुद्धा 'खट् झालं का?' असं विचारायला शिकली होती.

"म्हणजे तुम्ही कुणी," सून म्हणाली, "कधीच?"

"मी बघतो की सुरुवात," काका म्हणाले. "मी वरून रोज बघतो."

"मग काय होतं हो काका, या सिनेमात सुरुवातीला?" भिंगरीनं विचारलं.

काकांनी मनापासून आठवून बघितलं. "स्वच्छ होती," ते म्हणाले. "आवाज जरा बसका होता, तो वर घेतला मी."

थोरल्याला हसू आलं, ते त्यानं पाण्याबरोबर गिळलं.

"मी तीनदा पाहिला हा सिनेमा," भिंगरी म्हणाली. "लिहायचं म्हणून तीनदा."

"तीनदा अर्धवट," काका म्हणाले. दुष्टपणा नव्हता त्यात. ते फक्त नोंद घेत होते.

"अगं, पण मोबाइलवर तरी पूर्ण बघत असशील ना?" सुनेनं विचारलं.

"मोबाइलवरही मी पुढे ढकलूनच सुरू करते," भिंगरी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचं तिलाच ते नवीन वाटलं. "सुरुवातीला मला वाटत राहतं, की लोक अजून बसतायत."

अक्का तिच्याकडे बघत होती. तिला आठवत होता तो खेळ. लेकरं लहान असताना, खट् झाल्यावर अंधारात शिरलं की मागच्या रांगेत कुजबूज चालायची, आधी काय झालं असेल? याला घरात 'सुरुवात लावणं' म्हणत. नायकाच्या कपाळावर खूण दिसली की थोरला म्हणायचा, गाडीवरून पडला. अण्णा म्हणायचे, सासऱ्यानं मारलं. भिंगरी मात्र पटकन बोलायची नाही. ती बघत राहायची. कोण कुणाच्या शेजारी बसत नाही, कुणाच्या सदऱ्याचं बटण वेगळ्या दोऱ्यानं लावलंय, कोण दार वाजलं की दचकतं. आणि मग अक्काच्या कानाशी येऊन अशी सुरुवात लावायची, की अक्काला खऱ्या सुरुवातीची कधी गरजच वाटली नाही. आज जो हात भिंगरीनं कागदावर उतरवला होता, तो बघायला ती त्या मागच्या रांगेतच शिकली होती. अक्काच्या मांडीवर बसून.

आणि चूकही तिथेच शिकली होती. अक्कानं ताट पुढे सरकवलं.

"हे बघा, आकाश कोसळल्यासारखं करू नका," अण्णा म्हणाले. "सूनबाई, तू सांग तिला काय काय होतं ते. दोन ओळी इकडच्या तिकडे करायच्या. संध्याकाळपर्यंत वेळ आहे."

"दोन ओळी कशाला? तेवढं शेवटचं वाक्य काढून टाक," थोरला म्हणाला. "बाकी सगळं झकास आहे."

"काढू बिढू नका काही," माई म्हणाली. "संपादकबाईंना आवडलंय. कोण एवढं बारकाईनं वाचतंय?"

"सगळं गाव वाचेल," काका म्हणाले. "गाव वेळेवर येतं, वहिनी. उशिरा येणारे आपणच."

"तुम्ही कुणाच्या बाजूचे आहात?"

"मी मशीनच्या बाजूचा. पहिल्या चौकटीपासून चालवतो बिचारी."

माईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण माई ती माईच. वारा कुठून येतोय ते बघून शीड फिरवायला तिला वेळ लागत नसे. खुर्ची सरकवून ती सुनेच्या जवळ गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मघाशी आपणच सुनेला सिनेमा बघायला शिकवत होतो, हे आता तिच्या गावीही नव्हतं. "तूच सांग गं तिला नीट. तुला किती बारीक आठवतं. डोळेबिळे तपासतेस, तुझं लक्ष असतं. सांग हो, ती लिहून घेईल."

सुनेनं भिंगरीकडे बघितलं. "सांगू?"

भिंगरीनं कागदांच्या कडा जुळवल्या.

"त्या बाईला ना, एक भाऊ असतो," सून सांगू लागली. "धाकटा. आणि एकदा तो..."

"नको," भिंगरी म्हणाली.

"अगं, ऐकून तर घे," अण्णा म्हणाले.

"नको, अण्णा. वहिनी सांगेल ते वहिनीनं बघितलेलं असेल. मी माझ्या नावाखाली तिचे डोळे कसे छापू?"

"मग वाक्य काढ."

"वाक्य काढून काय होईल? सगळा लेख त्या वाक्याच्या दिशेनं चाललाय. मी त्या बाईचं गूढ करून ठेवलंय. ते गूढ सिनेमात नाहीच, दादा. ते आपल्या मागच्या रांगेत आहे."

थोरल्यानं मान खाली घातली. अण्णांचा आवाज मऊ झाला, आणि ते मऊ झाले की त्यांच्याशी भांडणं जास्त अवघड जायचं. "बाळा, अशी संधी काय रोज येते का? इतकी वर्षं आपण दुसऱ्यांचे सिनेमे दाखवले. तुझं नाव छापून येणार म्हणून मी लॉबीत फ्रेम लावायला खिळासुद्धा ठोकून आलोय."

"कुठे?"

"अग्निशामकाच्या वर."

"तिथे कोण बघणार?" काका म्हणाले.

"आग लागली की सगळे बघतील," अण्णा म्हणाले, आणि भिंगरीला हसू आलं, पण ते डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. ती अक्काकडे वळली.

"आत्या, मी काय करू?"

अक्काच्या जिभेच्या टोकावर होतं, की राहू दे, छापून येऊ दे, पुढच्या वेळेपासून बघ सुरुवात. पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं आणि ते हातात आलं होतं. ते आपल्या तोंडानं सोड म्हणायचं कसं? ती थोडा वेळ टेबलक्लॉथवरची सुरकुती सरळ करत बसली.

"तू खिडकीत बसलेली असतीस," ती शेवटी म्हणाली, "आणि एखाद्याला चुकीच्या खेळाचं तिकीट फाडून दिलं असतंस. माणूस तिकीट घेऊन चालायला लागला. काय केलं असतंस?"

"हाक मारली असती."

"लांब गेला असता तर?"

"धावले असते मागे." भिंगरी खुर्चीवरून उठली. "तूच धावली होतीस एकदा. चौकापर्यंत. मला खोक्यावर एकटं सोडून."

"आणि तू तेवढ्यात पॅडची सगळी शाई फ्रॉकला फासलीस," अक्का म्हणाली.

फोन करायला भिंगरी बोळात गेली. दार उघडंच होतं. सगळे जेवायचं सोंग करत ऐकत होते. माई तर रिकामा चमचाच तोंडात घालत होती.

"हो, मीच बोलतेय... नाही, बदल नाही. म्हणजे, मी... मी सिनेमाची सुरुवात बघितलेली नव्हती." पलीकडून काहीतरी प्रश्न आला. "नाही, झोपले नव्हते. आमच्या घरी ना, आम्ही खिडकी बंद झाल्यावर... जाऊ दे, ते लांबलचक आहे. लेखात चूक आहे, एवढंच. मोठी चूक... हो... हो, कळलं... संध्याकाळपर्यंत लिहून देऊ का?... बरं. बरं, बाई."

ती परत आली, जागेवर बसली आणि भातावर वरण घेऊ लागली.

"काय म्हणाल्या?" अण्णांना राहवेना.

"म्हणाल्या, बरं झालं सांगितलंस. या आठवड्यात दुसऱ्या कुणाचं तरी लावतायत."

"गेली ना जागा!"

"मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत नवीन देते. त्या म्हणाल्या, घाईत लिहिलेलं मला नको. पूर्ण बघ, मग चार दिवस काही लिहू नकोस, मग लिही. आवडलं तर छापीन, नाही आवडलं तर नाही. जागेचं वचन देत नाही म्हणाल्या."

"आणि रागावल्या?"

भिंगरीनं विचार केला. "हसल्या. पण बहुतेक खिडकीवर."

 माईनं भिंगरीच्या पानातला गार भात काढून घेतला आणि गरम वाढला. अण्णा अग्निशामकाच्या वरच्या खिळ्याचा विचार करत असावेत. सून उठून ताटं गोळा करू लागली, तेव्हा भिंगरीनं तिचं मनगट धरलं.

"बरं झालं बोललीस."

"मी तुला टोचायला नव्हते गं बोलले," सून म्हणाली. "आमच्या दुकानात अक्षरांचा तक्ता असतो ना, वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत जातात. काही माणसं एवढी हुशार असतात, की थेट सगळ्यांत खालची ओळ धाडधाड वाचून दाखवतात. मला त्यांना सांगावं लागतं, वरचं अक्षर कोणतं आहे तेही सांगा. त्यांना ते अपमानासारखं वाटतं. तू तशी आहेस. खालची ओळ तुझ्याइतकी मला कधीच दिसणार नाही. तो कडी काढणारा हात माझ्या समोरून गेला, मला कळलासुद्धा नाही."

माई हे ऐकत होती. तिनं सुनेच्या हातातली ताटं काढून घेतली.

काका केव्हाच उठून मशीनच्या खोलीत गेले होते; तेवढ्यात त्यांनी वरून पहिली घंटा दिली. सगळे उठले. अक्का गुडघे धरून उठली, चष्मा पुसला, फळीची किल्ली गळ्यातल्या दोऱ्याला आहे ना ते चाचपलं.

"आत्या," सून म्हणाली, "मी बसू का आज खिडकीत?"

बोलून ती थबकली; थोरलाही थबकला. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसत नसे. अक्काला ताप आला होता तेव्हा ती शाल घेऊन बसली होती, पण खुर्ची सोडली नव्हती.

"माझी सुरुवात बघून झालीय," सून म्हणाली. "तुम्ही दोघी आत जा."

अक्कानं तिच्याकडे नीट बघितलं. मग दोरा डोक्यावरून काढला.

"उशिरा येणाऱ्यावर खेकसायचं नाही."

"नाही."

"सुटे नाहीत म्हणून परत पाठवायचं नाही."

"नाही, आत्या."

"फळी ओढताना उजवी बाजू आधी दाबायची, नाहीतर अडकते. आणि अर्धा तास..."

"ठाऊक आहे," सून म्हणाली. "खट् होईपर्यंत."

मागच्या रांगेत त्या दोघी बसल्या, तेव्हा आतले दिवे लागलेले होते. अक्काला ते फार विचित्र वाटलं. थिएटर भरताना तिनं पाहिलंच नव्हतं. माणसं पाय आखडून एकमेकांना वाट देत होती, कुणी आपल्या बायकोचा कोट मांडीवर घडी घालून घेत होतं, पुढे दोन म्हातारे खुर्चीच्या क्रमांकावरून गोड भांडत होते. तिनं जन्मभर यांचे फक्त हात पाहिले होते, खिडकीच्या कमानीतून आत येणारे. त्यांना पायही असतात आणि ते सगळे एकाच दिशेला तोंड करून बसतात, याचं तिला हसू आलं. तेवढ्यात दिवे विझायला लागले.

"वीज गेली काय गं?" तिनं भिंगरीचा हात धरला.

"नाही आत्या, असंच असतं बहुतेक. हळूहळू जातात."

लाल मखमलीचा पडदा अक्कानंच निवडला होता, दुकानात जाऊन, कापड गालाला लावून. झाडताना तिनं तो किती वेळा हलवला होता. पण दोन्हीकडे सरकत उघडताना तो असा दिसतो, संथ, स्वतःच्या वजनानं, हे तिला माहीत नव्हतं. अण्णा बाजूला उभे राहून चाक फिरवत असणार. रोज फिरवतात. कधी घरी येऊन सांगितलं नाही त्यांनी.

नावं पडली. मग अंगण दिसलं.

"आधी काय झालं असेल?" अक्काच्या तोंडून सवयीनं गेलं.

"आधी काही नाही, आत्या," भिंगरी कुजबुजली. "आत्ताच सुरू होतंय."

फाटक होतं, पण नवं, रंग ओला असल्यासारखं. बाई होती, पण तरुण; तिच्या हातांना अजून कसलीच सवय नव्हती. अंधार पडत होता. ती कुणाची तरी वाट बघून चिडली होती. धाकट्या भावानं दिवेलागणीपर्यंत येतो म्हटलं होतं, आणि रोजच्यासारखाच त्यानं उशीर लावला होता. आज त्याला धडा शिकवायचा, असं ती स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली आणि कडी घातली. रात्री तो आला. त्यानं हाक मारली, मग फाटक वाजवलं, मग हसून माफी मागितली, मग पुन्हा वाजवलं. ती आत जमिनीवर बसून राहिली, कानांवर हात ठेवून, थोडी हसतही. मग वाजायचं थांबलं. सकाळी तिनं फाटक उघडलं तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं.

अक्काला हातात फळीचं लाकूड जाणवलं. एवढ्या वर्षांत ती फळी किती वेळा ओढली, आणि ओढण्याआधी प्रत्येक वेळी बाहेर डोकावून रस्त्याच्या टोकापर्यंत बघितलं होतं, कुणी धावत येत नाही ना म्हणून.

भिंगरी पुढे वाकली होती. हातात कागद नव्हता, पेन नव्हतं. बऱ्याच वेळानं तिनं अक्काच्या कानाशी तोंड नेलं, लहानपणी नेत असे तसं.

"मला वाटलं होतं, ती वाट बघतेय," ती म्हणाली. "ती माफी मागतेय, आत्या. रोज रात्री. नवऱ्याच्या देखत."

अक्कानं तिचा हात दाबला.

तेवढ्यात मागचं दार किलकिलं झालं. अण्णांची बॅटरी जमिनीवरून सरकत आली आणि तिच्यामागून एक माणूस. श्वास लागलेला, कामाचेच कपडे, हातात नुकतंच फाडलेलं तिकीट. पलीकडे बाहेर खिडकी अजून उघडी होती तर. अक्कानं गुडघे बाजूला घेतले. तो तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला, घाम पुसला, पडद्याकडे बघितलं. तिथे म्हातारी होऊ लागलेली बाई उघड्या फाटकापाशी उभी होती.

"बरंच झालं का हो?" त्यानं हळू आवाजात विचारलं. "आधी काय झालं?"

अक्का त्याच्याकडे वाकली.

"तिचा भाऊ उशिरा आला," ती म्हणाली, "आणि तिनं दार उघडलं नाही."